सभागृहात शिवलेला कावळा

आमदार खोटं बोलतो याचं मला आजवर कधी काही वाटलं नाही. बैल शेण टाकतो, त्याचं कोण वाईट वाटून घेतं. पण हा माझ्या बायकोच्या नावावर खोटं बोलला, तेही जिथं बोललेला शब्द न् शब्द कायमचा लिहून ठेवतात अशा ठिकाणी. तिचं खरं कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितोय. शिक्षण चौथी, अक्षर वाकडं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

ती आमच्या वाडीतल्या सरकारी शाळेत खिचडी शिजवायची. बावीस वर्षं. वाडी मुळशीत, वरच्या अंगाला. खाली हिंजवडीत काचेच्या इमारती, माझा पोरगा तिथं कंपनीची गाडी चालवतो. वर आमच्याकडं दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी, अकरा पोरं. एक मास्तर बदलून गेला, दुसरा रिटायर झाला, त्यानंतर आठ महिने कुणी आलं नाही. कधीमधी शेजारच्या शाळेतला मास्तर मोटारसायकलवर यायचा, हजेरी मांडायचा, गाडीचं इंजिन थंड व्हायच्या आत निघून जायचा.

शाळेची किल्ली हिच्याकडं, कारण तांदळाची पोती आत. मास्तर असो नसो, ही साडेदहाला कुलूप काढायची, घंटा द्यायची, पोरं ओळीत बसवायची. स्वतःचा अंगठा. चौथीतल्या दोन पोरींना सांगायची, बारक्यांचे पाढे घ्या, आणि मागं चुलीवर खिचडी हलवत ऐकत राहायची. बावीस वर्षं कानावर पडून तिला तीसपर्यंत पाढे पाठ झाले होते. कुणी चुकलं की धुरातून आवाज यायचा, "मागं फिर. परत म्हन."

मी म्हणायचो, "सरकार तुला मास्तरचा पगार देनार हाय का?"

"कुलूप दिसलं की लोकं पोरं खालच्या शाळंत न्हेत्याल," ती म्हणायची. "पोरं गेली की शाळा गेली. मंग आपल्या नातीनं काय वढा पोहून जायाचं?"

खालची शाळा पाच किलोमीटरवर. मधे ओढा, पावसाळ्यात चार-चार दिवस उतरत नाही. नात दुसरीत. पट घसरला की वाडीची शाळा बंद करून खालच्या शाळेला जोडायची, असं तालुक्याला बोललं जात होतं. हिचा सगळा आटापिटा एवढ्याचसाठी होता की मास्तर येईपर्यंत शाळेला कुलूप लागू द्यायचं नाही.

श्रावणात तिला ताप आला. आधी अंगावर काढला, मग छातीत गेला. पिरंगुटला दवाखान्यात सहा दिवस होती, सहाव्या दिवशी दुपारी गेली. शेवटचं बोलली ती सुनेशी. "किल्ली दिवळीत हाय," एवढंच. माझ्याबरोबर एवढा संसार केला आणि जाताना बाई किल्लीचं बोलली. मला राग आला होता. अजून थोडा आहे.

आता दहाव्याचं. आमच्या भागात दहाव्याला नदीवर भाषणं होतात. पोरगा डोकं भादरून बसलेला असतो, भटजी आवरत असतो, आणि मांडवात माइक लावून पुढारी श्रद्धांजली वाहतात. चिठ्ठ्या पुढं जातात, अमके आले, तमके आले, नावं पुकारली जातात. ज्याच्या दहाव्याला पुढारी जास्त त्याचं मरण मोठं. काही पुढारी सकाळच्या पारी तीन-तीन दहावे करतात. माणूस कोण होता हे त्यांना गाडीत सांगतात, आणि कधीकधी सांगायचं राहूनही जातं.

आम्ही माइक सांगितला नव्हता. आम्हाला पुढारी नको होते आणि पुढाऱ्यांना आम्ही नको होतो, हिशेब सरळ होता. पण त्याच सकाळी त्याच घाटावर एका बड्या जमीनवाल्याचा दहावा होता. त्यासाठी हा आमदार आलेला. आमच्या मतांवर निवडून आलेला नव्हे, वरच्या सभागृहातला. त्याला नक्की कोण निवडून देतं हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि ज्यांनी सांगायचा प्रयत्न केला त्यांनाही ठाऊक नव्हतं. शिक्षणावर बोलतो म्हणून त्याचं नाव आहे. स्वतःच्या चार शाळा आहेत, इंग्रजीतल्या, फी ऐकली तर आमची म्हैस दूध द्यायची थांबेल.

तो आमच्याकडं यायच्या आधीच कावळा शिवून गेला होता. हे मला नीट लिहायचंय. पान ठेवलं, पाणी फिरवलं, आम्ही मागं सरलो, पाच पावलं झाली नसतील, समोरच्या उंबरावरनं कावळा उतरला आणि सरळ भातावर बसला. कुणाला हात जोडायला सवडच मिळाली नाही. तिचा भाऊ रडता रडता म्हणाला, "आक्काला कवाबी घाईच. तिकडं बी घंटा द्यायची असंल." लोक हसले. मीही हसलो. तिचा जीव कशात अडकला नव्हता. ती तसली बाई नव्हती. काम झालं की निघायची.

मग बऱ्याच वेळानं, आम्ही जेवणाच्या पंगतीचं बघत होतो, तेव्हा सरपंच त्या आमदाराला हाताला धरून घेऊन आला. "साहेब, हितं दोन शब्द."

आमदारानं त्याच्या कानात विचारलं, "कोण गेलंय?"

मी तीन हातांवर उभा. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत.

"शाळेत खिचडी करायची, साहेब. मास्तर न्हाई तर हीच शाळा उघडायची."

माइक नसल्यामुळं त्याचा आवाज जागेवर बसेना. माऊली म्हणाला, अन्नपूर्णा म्हणाला, सावित्रीची लेक म्हणाला. शिक्षकाचा प्रश्न मी सभागृहात मांडतो, हा माझा शब्द आहे, असं म्हणून घड्याळ बघितलं, मला नमस्कार केला, म्हणजे माझ्या शेजारच्या माणसाला केला, आणि गेला. मी पंगतीकडं वळलो.

हिवाळ्यात एक दिवस पोरगा मोबाईल घेऊन आला. "आबा, आयचं नाव निघालंय. नागपूरला. अधिवेशनात."

छोट्या पडद्यावर तोच माणूस उभा. अंगावर जाकीट, हातात कागद. मागची बाकं निम्मी मोकळी. त्याच्या शेजारचा सदस्य खाली मान घालून फोन चिवडत होता, दुसरा एक पाठ करून कुणाशी तरी गप्पा हाणत होता. वर्गात असं कुणी बसलं असतं तर हिनं पळी घेऊन बाहेर काढलं असतं.

"सभापती महोदय," तो म्हणाला, "मुळशीच्या एका दुर्गम वाडीत शिक्षक नाही म्हणून शाळा चालवणाऱ्या एका निरक्षर माऊलीनं चुलीपुढं, हातात पळी असताना प्राण सोडला."

सुनेनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "आत्या दवाखान्यात गेल्या," ती म्हणाली, जणू मोबाईलला ऐकू जाणार होतं.

"सभापती महोदय, दशक्रियेला मी स्वतः उपस्थित होतो. काकस्पर्श होईना. अर्धा तास गेला, तास गेला. पतीनं शब्द दिला, मुलानं शब्द दिला, कावळा फिरकेना. शेवटी मी पुढं झालो. हात जोडून म्हणालो, माई, तुमच्या शाळेला शिक्षक आणण्याची जबाबदारी माझी. आणि सभापती महोदय, त्या क्षणी कावळा शिवला."

आता मात्र फोनवाल्यानंही मान वर केली. बाकं वाजवली. एवढ्या शिकलेल्या माणसांना मास्तर नाही हे ऐकून मान वर करावीशी वाटली नाही, कावळा म्हटल्यावर वाटली. मग तो भरतीवर बोलला. हजारो जागा रिकाम्या आहेत, सरकारला भरणं जमत नसेल तर नामवंत संस्थांना हे काम द्यावं, असं काहीतरी. नामवंत संस्था म्हणजे कोण, ते ज्याच्या चार शाळा आहेत त्यानं सांगावं. मंत्री उठले. सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन तपासून उचित कार्यवाही करू, म्हणाले आणि बसले. माझी बायको त्या सभागृहात पाच मिनिटांत मेली, अडकली आणि सुटली.

वाडीला आनंद झाला. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. आमच्या वाडीचं नाव नागपूरला निघालं म्हणून लोक मोबाईल एकमेकांना दाखवत फिरले. दोन दिवसांत अशी अवस्था की घाटावर स्वतः हजर असलेली माणसं आमदारासारखं सांगायला लागली. ज्यानं पोराचं डोकं भादरलं तो म्हणाला, "व्हय तर, लई येळ लागला व्हता." माझा चुलतभाऊ, माझ्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला, तोही तेच सांगायला लागला.

"तू व्हतास ना रं तितं?" मी विचारलं. "पान ठेवलं आन् कावळा आला. तिचा भाऊ काय बोलला, हसलो न्हाई का आपन?"

"आबा, तुज्या डोळ्यात पानी व्हतं. तुला न्हाई दिसलं."

"तुला दिसलं?"

"समद्यांनी बगितलं. सभागृहात काय उगाच बोलत्याल का? तितं खोटं बोलायला बंदी असती."

मी त्याला शिवी दिली. ती इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील.

महिन्याभरानं तालुक्याहून एक साहेब आला. सभागृहात प्रश्न निघाला की खाली चौकशी लागते, त्याचा अहवाल वर जातो. चांगला माणूस होता, दमलेला, बुटाला ओढ्यातला चिखल. शाळेच्या ओट्यावर बसून त्यानं फाईल उघडली. आता खिचडी सून करत होती, ती पळी घेऊन दारात उभी राहिली. सरपंच माझ्या शेजारी.

"बाई स्वयंपाक करताना वारल्या, हे खरं आहे का?"

"न्हाई. दवाखान्यात."

साहेबानं पेन थांबवलं. "दशक्रियेच्या वेळी सन्माननीय सदस्यांनी शब्द दिला—"

"कावळा त्याच्या आधी शिवला. त्यो आला तवा कावळा जेवून गेला व्हता."

सरपंचानं माझा गुडघा दाबला. "आबा, दुखतंय तितं कशाला बोट घालताय."

साहेब हळू बोलला. "आबा, असं बघा. सदस्यांनी सांगितलेली माहिती चुकीची, असं मी लिहिलं तर वर फाईलच बंद होते. माहिती चुकीची, म्हणजे प्रश्नच उरत नाही. मग शिक्षक कुठला?"

"मास्तर न्हाई ही माहिती खरी हाय का खोटी?"

"खरी."

"मंग खऱ्यापुढं खरं लिवा, खोट्यापुढं खोटं. एवढं तर आमच्या वेळी चौथीत शिकवायचे."

तो थोडा वेळ पोरांकडं बघत बसला. मग त्यानं लिहिलं, आणि मला वाचूनही दाखवलं: अंशतः खरे आहे. सरकारात असं एक उत्तर असतं म्हणे, सारखं वापरात असतं. माझ्या बायकोचं मरण अंशतः खरे आहे. मी सही केली.

पुढं आदेश आला. एक शिक्षिका, तात्पुरत्या कामगिरीवर, पुढील आदेश होईपर्यंत. लातूरकडची पोरगी, घोटावड्यात खोली घेतली, स्कूटीवर यायची. पहिल्या आठवड्यात तिनं फळा काळा केला, पोरांची नखं कापली, आणि कुठल्या पोराला आकडे दिसत नाहीत ते हुडकून त्याला चष्म्याला पाठवलं. मी ओट्यावर जाऊन बसायचो. ती आत शिकवायची तो आवाज मला बरा वाटायचा. दोन घरं पोरं खाली न्यायला निघाली होती, ती थांबली.

शिमगा झाल्यावर सरपंच घरी आला. बाहेर खाटेवर बसला, चहा घेतला, मग म्हणाला, "साहेब येनारेत. शाळेत कार्यक्रम. शब्द पाळला म्हनून. तुमचा सत्कार हाय. आनि तुमी दोन शब्द बोलायचे."

"कशावर?"

"त्येच. घाटावरचं."

"तू हुतास. तू बोल."

"आबा, तुमी नवरा. तुमच्या तोंडानं पायजे. त्येंच्या माणसाचा दोनदा फोन आला."

"म्या तिच्यावर खोटं बोलनार न्हाई."

सरपंच माणूस वाईट नाही, लाचार आहे. कप खाली ठेवून म्हणाला, "बाईंची आर्डर काय हाय ठावं हाय न्हवं? पुढील आदेशापर्यंत. पुढचा आदेश एका फोनवर निघतोय. तुमी स्टेजवर त्येला खोटा पाडला, तर सोमवारी बाई दुसऱ्या वाडीला. आन् मंग पोरं घेऊन लोकं खाली."

मी त्याचा रिकामा कप उचलला. सून दारात उभी राहून ऐकत होती.

कार्यक्रमाला मंडप, फलक, फलकावर आमदार बोट वर करून उभा आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी माझी बायको. तिचा फोटो रेशनकार्डावरनं उचललेला, तोंड वाकडं आलेलं. सगळ्यांना एकेक चकचकीत पुस्तक वाटलं, आमदार सभागृहात शिक्षणावर आणि नेमणुकांवर काय काय बोलला त्याचं. मी बोट लावून वाचलं. पानंच्या पानं तो उभा राहिलाय, विचारतोय, लक्ष वेधतोय. एका पानावर आमची वाडी, पुढं मोठ्या अक्षरात 'मार्गी'. ज्या साहेबानं चिखलातनं येऊन फाईल हलवली त्याचं नाव कुठंच नाही. शिक्षिकेला तर पुष्पगुच्छ धरून कडेला उभं केलेलं. अकरा पोरं उन्हात खाली बसवलेली, दोन तास, पाण्याविना.

आमदार गाडीतनं उतरला तो थेट माझ्याकडं आला. या खेपेला माणूस बरोबर ओळखला. "बाबा, त्या दिवसापासून मला झोप नाही," म्हणाला. गाल चांगले भरलेले होते. झोप नसलेल्या माणसाला मी ओळखतो, सकाळी आरशात बघतो.

शाल घातली, नारळ दिला, आणि माइक माझ्या तोंडापुढं आला. समोर सगळी वाडी. चुलतभाऊ पुढच्या रांगेत, मान हलवायला तयार. शिक्षिका कडेला. तिला काही ठाऊक नव्हतं, ती पोरांना सावलीत सरकवत होती.

मी म्हणालो, "कावळा शिवत नव्हता. साहेबांनी शब्द दिला, मंग शिवला."

एवढंच. टाळ्या पडल्या. आमदारानं मला मिठी मारली, त्याच्या अंगाला अत्तराचा वास होता. त्याच्याबद्दल इतका वेळ लिहिलं, तर हेही लिहायला हवं: त्या क्षणी आम्ही दोघं एकाच पायरीवर उभे होतो, आणि तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. त्याला निदान सराव आहे. मी घरी येईपर्यंत शाल दोनदा पायात आली.

दिवे लागायच्या सुमाराला सून भाकऱ्या करत होती. मी भिंतीला टेकून बसलो. नात बाहेर नारळ फोडायला दगड शोधत होती.

सून पाठमोरीच म्हणाली, "मामा, मी बी हुते घाटावर."

"ठावं हाय."

"आत्यांचा जीव कशात अडकला नव्हता."

"न्हाई."

"मंग तुमी तसं का सांगितलंत?"

"उद्या शाळा हाय का न्हाई?"

"हाय की. बाईंनी वजाबाकीची वही आनायला सांगितलीय."

तिनं भाकरी तव्यावरनं काढून निखाऱ्याला लावली, फुगेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "बाहेर तुमाला काय बोलायचं ते बोला. पोरीला मी खरं सांगनार. आज्जी कशी गेली, कावळा कवा आला, समदं. घरात तरी खरं ऱ्हाऊ द्या."

बाहेर दगडावर नारळ आपटल्याचा आवाज आला.

"सांग," मी म्हणालो. "पन शाळेत कुनाजवळ बोलू नको म्हनावं."